ध्रुवीय, वृत्तचितीय आणि गोलीय सहनिर्देशक: कणाची गती लिहिताना या चुका टाळा

पदवीच्या वर्गांना यामिकी (मेकॅनिक्स) शिकवायला लागल्यापासून उत्तरपत्रिकांत एक वाक्य मला दरवर्षी नव्या हस्ताक्षरात भेटत आले आहे: ‘अरीय दिशेने बल नाही, म्हणून आर-डबलडॉट शून्य.’ (आर म्हणजे आरंभबिंदूपासून कणाचे अंतर आणि थीटा म्हणजे ठरावीक रेषेपासून मोजलेला त्याचा कोन. डॉट म्हणजे काळानुसार बदलाचा दर, डबलडॉट म्हणजे त्या दराच्याही बदलाचा दर. अरीय म्हणजे आरच्या दिशेचे.) हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. सूत्रेही बहुधा त्याला पाठ असतात. कार्तेशीय पद्धतीत एक्स आणि वाय अक्षांचे एकक सदिश, म्हणजे दिशा दाखवणारे एक लांबीचे बाण, कधी वळत नाहीत, पण ध्रुवीय पद्धतीतले आर-कॅप आणि थीटा-कॅप कणाबरोबर वळत राहतात, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात उतरलेली नसते.

काही वर्षांपूर्वी एका अंतर्गत परीक्षेत मी नेहमीचेच उदाहरण दिले होते. एक आडवी, घर्षणरहित दांडी स्वतःच्या एका टोकाभोवती सेकंदाला २ रेडियन या स्थिर कोनीय वेगाने फिरते आहे. तिच्यात ओवलेला ५० ग्रॅमचा मणी अक्षापासून १० सेंटिमीटरवर धरून ठेवला आहे आणि मग दांडीच्या सापेक्ष स्थिर असतानाच सोडून दिला आहे. एका सेकंदानंतर तो कुठे असेल? वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ‘तिथेच, १० सेंटिमीटरवर’ असे उत्तर लिहिले. दांडी गुळगुळीत असल्याने तिच्या दिशेने बल नाही, बल नाही म्हणून आर-डबलडॉट शून्य, आणि आरंभी आर-डॉट शून्य असल्याने मणी हलणारच नाही, अशी ती साखळी होती. दुसऱ्या दिवशी मी फिरत्या स्टुलावर सायकलचा एक स्पोक आडवा बांधला, त्यात मणी ओवला आणि स्टूल फिरवले. मणी क्षणात सुटून भिंतीपाशी जाऊन पडला. मग वर्गात शांतता पसरली आणि शिकवणे खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाले.

अरीय दिशेचे त्वरण म्हणजे आर-डबलडॉट वजा आर गुणिले थीटा-डॉटचा वर्ग. शून्य होते ते हे संपूर्ण पद, त्यातला पहिला तुकडा नव्हे. त्यामुळे आर-डबलडॉट हे ओमेगाचा, म्हणजे दांडीच्या कोनीय वेगाचा, वर्ग गुणिले आर इतके असते आणि आर हा हायपरबोलिक कोसाइनच्या (cosh) नियमाने वाढतो. एका सेकंदानंतर मणी सुमारे ३७.६ सेंटिमीटरवर असतो आणि दांडीवरून सेकंदाला ०.७३ मीटर या वेगाने बाहेर सरकत असतो.

त्याच उत्तरपत्रिकांत दुसरी चूक दडलेली होती. अनुप्रस्थ, म्हणजे आरला काटकोनात असलेल्या आडव्या, दिशेचे त्वरण म्हणजे आर गुणिले थीटा-डबलडॉट, अधिक दोन गुणिले आर-डॉट गुणिले थीटा-डॉट. ज्यांनी मणी बाहेर सरकतो हे ओळखले होते, त्यांतल्या काहींनी कोनीय वेग स्थिर आहे असे म्हणून हे सारे त्वरण शून्य धरले आणि दांडी मण्यावर बलच लावत नाही असा निष्कर्ष काढला. अशा वेळी मी विद्यार्थ्याला ऊर्जेचा हिशेब करायला लावतो. आरंभी मण्याची गतिज ऊर्जा १ मिलिज्यूल असते आणि सेकंदाभरात ती सुमारे २७ मिलिज्यूल होते. दांडीने आडवे ढकलले नसेल, तर ही ऊर्जा आली कुठून? त्या क्षणी आडव्या दिशेने दांडीचे बल सुमारे ०.१४५ न्यूटन असते आणि ते संपूर्णपणे त्या गाळलेल्या पदातून येते.

त्या पदातला ‘दोन’ कुठून आला, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते सूत्र वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला एक हिस्सा अरीय वेगाची दिशा वळल्यामुळे येतो. दुसरा हिस्सा आर वाढल्यामुळे आर गुणिले थीटा-डॉट हा आडवा वेगही वाढतो म्हणून येतो. दोन वेगळी कारणे योगायोगाने सारख्याच मापाची निघतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून सूत्र पाठ करणाऱ्याच्या वाट्याला हे सौंदर्य येत नाही. आर-कॅपचे विकलन थीटा-डॉट गुणिले थीटा-कॅप आणि थीटा-कॅपचे विकलन उणे थीटा-डॉट गुणिले आर-कॅप, या दोन ओळी मी आजही प्रत्येक उदाहरणाआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहितो. बाकी सारे त्यांतून तीन मिनिटांत निघते, आणि ज्याला ती तीन मिनिटेही जास्त वाटतात, त्याचे पुढे तास जातात.

सूत्र बरोबर लिहिले आहे की नाही हे तपासायला मी सरळ रेषेत, स्थिर वेगाने जाणारा कण घेतो. आरंभबिंदूपासून ४ मीटर अंतरावरच्या रेषेवरून तो सेकंदाला ३ मीटरने जातो आहे असे धरू. लंबपादापासून, म्हणजे रेषेवरच्या आरंभबिंदूला सर्वांत जवळच्या बिंदूपासून, ३ मीटर पुढे गेल्यावर आर ५ मीटर असतो, आर-डॉट १.८ आणि आडवा वेग २.४ मीटर प्रतिसेकंद. दोघांच्या वर्गांची बेरीज बरोबर ९ येते. म्हणजे आर-डॉट ही कणाची चाल नव्हे, हेही इथेच दिसते. आर-डबलडॉट १.१५२ येतो आणि आर गुणिले थीटा-डॉटचा वर्गही १.१५२ येतो, म्हणून वजाबाकी शून्य. ज्या सूत्रातून या कणाला त्वरण मिळते, ते सूत्र चुकले आहे.

गोलीय सहनिर्देशकांत सर्वांत महाग पडते ती कोनांच्या नावांची अदलाबदल. भौतिकशास्त्रात थीटा झेड-अक्षापासून मोजतात आणि फाय त्या अक्षाभोवती. आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच आहे. गणिताच्या अनेक पुस्तकांत ही नावे नेमकी उलट असतात. दोन पुस्तकांतली सूत्रे एकाच उत्तरात मिसळली की ती चूक नंतर शोधणे फार कठीण जाते, म्हणून आकृती काढून दोन्ही कोन दाखवल्याशिवाय मी पहिली ओळ तपासतच नाही. तिच्याच जोडीची चूक म्हणजे अक्षांश हाच थीटा समजणे. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून तिथला थीटा ७१ अंश. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मुंबईला मिळणारा वेग आर (इथे पृथ्वीची त्रिज्या) गुणिले साइन थीटा गुणिले फाय-डॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३९ मीटर येतो. थीटा १९ अंश घेतला की तो १५१ वर घसरतो, आणि साइन थीटा अजिबात विसरला की विषुववृत्तावरचा ४६५ हाती येतो. तिसरे उत्तर खऱ्याच्या जवळ असल्यामुळे अधिक धोक्याचे आहे, कारण ते पाहून कोणालाच शंका येत नाही.

वृत्तचितीय (सिलिंड्रिकल) पद्धतीत ऱ्हो हे झेड-अक्षापासूनचे अंतर, फाय हा त्या अक्षाभोवतीचा कोन आणि झेड ही उंची. तिथे स्थानसदिश ऱ्हो गुणिले ऱ्हो-कॅप अधिक झेड गुणिले झेड-कॅप एवढाच असतो. त्यात फाय गुणिले फाय-कॅप असे तिसरे पद जोडणे म्हणजे मीटरमध्ये रेडियन मिळवणे होय.

कोन व्यस्त टॅनने काढताना चरण पाहावा. एक्स आणि वाय दोन्ही उणे १ असतील, तर गणकयंत्र ४५ अंश दाखवते, पण कण २२५ अंशांवर असतो.

थीटा-डॉट अंशांत ठेवून आर गुणिले थीटा-डॉट कधीही काढू नये.

आणि एकसमान गुरुत्वाकर्षणात फेकलेला चेंडू ध्रुवीय सहनिर्देशकांत सोडवू नये. तिथे कार्तेशीय पद्धतीत दोन ओळींत उत्तर मिळते, तर ध्रुवीय पद्धतीत गुरुत्वाचे घटकही प्रत्येक क्षणी बदलत राहतात. बल एका बिंदूकडे किंवा एका अक्षाकडे रोखलेले असेल, अथवा दांडी, नळी, गोलपृष्ठ यांसारख्या बंधनाने कणाचा मार्ग आखून दिला असेल, तेव्हा हे सहनिर्देशक मी हाती घेतो.