मुंबईत राहून माळरानाचा अभ्यास करायचाय? खत, दुष्काळ आणि गवताबद्दल थोडं अनुभवातून

बॉटनी किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएससी करताय आणि गवताळ प्रदेशांवर काम करायची इच्छा आहे, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मुंबईत निसर्ग म्हटलं की नॅशनल पार्क नाहीतर खारफुटी, माळरान कुणाच्या डोक्यातच येत नाही, त्यामुळे गाईड मिळवण्यापासूनच ओढाताण सुरू होते. पण विषय जबरदस्त आहे.

सगळ्यात आधी, नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रदूषण आणि दुष्काळ हे दोन वेगळे चॅप्टर म्हणून वाचू नका. शेतातलं खत वाहून आलं किंवा गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन वरून पडला की गवत तरारतं, बघणाऱ्याला वाटतं बरंच झालं की. पण होतं काय, तर दोन-चार उंच, भराभर वाढणाऱ्या जाती वरचं सगळं ऊन खातात आणि बुटक्या जाती खाली सावलीत संपतात. 2009 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी खत दिलेल्या गवतात खालच्या थराला दिव्यांचा उजेड दिला, तर जाती टिकल्या! शेंगावर्गीय वनस्पतींचंही तेच, हलक्या जमिनीत स्वतःचा नायट्रोजन स्वतः मिळवतात ही त्यांची जमेची बाजू, तो फुकट सगळ्यांनाच मिळायला लागला की ती बाजू गेली. शिवाय खत भरपूर असलं की झाड पानोळ्यावर जास्त खर्च करतं, मुळांवर कमी. आणि मग पाऊस दडी मारतो.

म्हणूनच वाचनाची सुरुवात टिलमन आणि डाउनिंग या इकॉलॉजिस्टच्या 1994 च्या पेपरपासून करा. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकला 1982 पासून प्लॉटना वेगवेगळ्या प्रमाणात नायट्रोजन देत होते, 1987-88 ला मोठा दुष्काळ पडला, आणि ज्या प्लॉटमध्ये जाती कमी उरल्या होत्या ते जास्त कोसळले, सावरायलाही त्यांना जास्त वेळ लागला. इंग्लंडमधला रोथॅमस्टेडचा पार्क ग्रास प्रयोग तर 1856 पासून चालूच आहे. पण हे सगळं थंड प्रदेशातलं. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकी वर्ष कोरडं, गवताच्या जातीही वेगळ्या, तेव्हा तिथले निष्कर्ष उचलून थिसिसमध्ये चिकटवू नका, इथे मोजून बघा.

मोजायचं तर गवत ओळखता आलं पाहिजे. हेच सगळ्यात अवघड आहे आणि यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. कुसळी, मारवेल, पवन्या, डोंगरी हे तुरा नसताना सारखेच वाटतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर वाया घालवू नका. झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) जुने नमुने बघायची परवानगी मागा, तिथे एकेक शीट निवांत बघितली की डोळा तयार होतो. सरावाला आरे आहेच, तबेल्याचं शेण-मूत वाहून येतं त्या ओघळाकाठचं गवत आणि वर खडकाळ उतारावरचं गवत शेजारी शेजारी मोजून बघा, विषय पुस्तकाबाहेर येतो.

खरं फील्डवर्क मात्र घाटापलीकडे. सोलापूरजवळचं नान्नज किंवा बारामतीकडचं सुपे, दोन्हीकडे माळरानाची अभयारण्यं आहेत. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी सोलापूर. क्वाड्रॅटसाठी (ठरावीक मापाच्या चौकटीतलं गवत मोजायला) महागडं काही लागत नाही, पीव्हीसी पाईपची एक मीटरची चौकट पुरते. कापलेलं गवत कागदी पिशवीतच भरा आणि मुंबईत आणून तसंच ठेवू नका, इथल्या दमट हवेत लगेच बुरशी धरते, 60-65 डिग्रीच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. प्रयोग लावणार असाल तर खत किंवा पाऊस अडवणारं छप्पर घालण्याआधीच्या सीझनचा डेटा हवाच, नाहीतर फरक खतामुळे पडला की मुळातच होता हे कधीच सांगता येणार नाही.

आणि धनगरांशी बोला, मनापासून बोला. कुठल्या वर्षी वाडा (मेंढरं बसवायची जागा) कुठे होता हे त्यांना माहीत असतं, म्हणजे लेंडीखत साठलेली जागा आयती कळते. चराईचा मुद्दाही तिथेच उलगडतो, कारण मेंढरं उंच गवत खातात तेव्हा खाली उजेड पोचतो आणि खताने होणारं जातींचं नुकसान काही ठिकाणी त्यामुळे कमी होतं. चराईला सरसकट शत्रू ठरवणारे प्रोजेक्ट मला पटत नाहीत ते यासाठी.

अभयारण्यात काम असेल तर वनखात्याचा अर्ज उन्हाळ्याच्या आधीच टाका, गवत जूनमध्ये उगवायला लागतं आणि तुमच्या परवानगीसाठी थांबत नाही.