पीसी बनवताय? सिल्व्हर मॉलला जायच्या आधी पार्ट्स घरीच जुळवून बघा

मागच्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिस्ट पाठवली, मावशी हे बघ, सगळं फायनल झालंय, शनिवारी आपण सिल्व्हर मॉलला जाऊन घेऊन येऊ. (सिल्व्हर मॉल म्हणजे आमचं इंदूरचं कंप्युटर मार्केट.) लिस्ट अशी होती: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं जोडतात), डीडीआर४ रॅम १६ जीबी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, एक भलामोठा टॉवर कूलर, ४५० वॅटचा कुठलातरी एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि पुढे लाइटवाले तीन पंखे असलेलं छोटंसं कॅबिनेट. एकेक वस्तू सुटी बघितली तर एसएमपीएस सोडून वाईट काहीच नव्हतं, पण एकत्र आणली असती तर पीसी चालू होणं सोडा, प्रोसेसर बोर्डवर बसलासुद्धा नसता.

मी काही कंप्युटर इंजिनियर नाही हां. लोकमान्य नगरात घरीच बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, आणि स्वतःचे दोन पीसी बनवताना जेवढे पैसे आणि चकरा वाया घालवल्या तेवढंच माझं ज्ञान. पण त्यातून एक कळलं. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न लागतं, इथे पस्तीस जुळले आणि एक राहिला तरी स्क्रीन काळी.

तर सुरुवात प्रोसेसर आणि बोर्डपासूनच करायची, कॅबिनेटच्या लाइटपासून नाही. प्रोसेसर ठरला की सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, ठरतं, सॉकेट ठरलं की बोर्ड ठरतात आणि बोर्ड ठरला की रॅम कुठली ते आपोआप ठरतं. एएमडीचं सध्याचं सॉकेट एएम५, ते २०२२ मध्ये आलं, रायझन ७०००, ८००० आणि ९००० सीरीजवाले त्यात बसतात आणि त्यात फक्त डीडीआर५ रॅम चालते. त्याच्या आधीचं एएम४, त्यात रायझन ५००० पर्यंतचे प्रोसेसर आणि डीडीआर४. भाच्याचा ७६०० एएम५ चा आणि बी५५० बोर्ड एएम४ चा, म्हणजे मुलगा इंदूरचा आणि मांडव उज्जैनला. त्याला हवा होता बी६५० किंवा बी८५०, बजेट अगदीच ताणलं असेल तर ए६२०.

इंटेलचं जरा किचकट आहे. बारावी, तेरावी, चौदावी जनरेशन एलजीए १७०० सॉकेटमध्ये, आणि गंमत म्हणजे या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ वालेही मिळतात आणि डीडीआर५ वालेही, नाव जवळजवळ सेम, शेवटी एक डी४ लावलेलं असतं किंवा नसतं, तेवढाच फरक. म्हणून बी७६० घेतोय एवढं सांगून भागत नाही, पूर्ण मॉडेल नंबर वाचायचा. नवीन कोअर अल्ट्रा २०० चे प्रोसेसर एलजीए १८५१ मध्ये, तिथे डीडीआर५ च. आणि डीडीआर४ ची काडी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसेल का असं विचारू नका, पिना दोन्हीकडे २८८ च आहेत पण मधली खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तर स्लॉट तुटेल, काडी बसणार नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कारण ती सॉकेट न जुळल्यामुळे नाही, सॉकेट जुळूनसुद्धा झाली. २०२१ मध्ये मी आय५ ११४०० घेतला, अकराव्या जनरेशनचा, एलजीए १२०० वाला. एका दुकानात एच४१० चा बोर्ड स्वस्तात मिळत होता. मी विचारलं चालेल ना, तर काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, सॉकेट सेम है, लग जाएगा." खोटं नव्हता बोलत, लागला! अगदी मस्त बसला, पंखे फिरले, आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. दोन दिवस मी रॅम काढ-घाल करतेय, मॉनिटर बदलतेय, मिस्टरांनी तर एक्स्टेंशन बोर्ड पण बदलून बघितला. नंतर कळलं की एच४१० आणि बी४६० हे चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप, बोर्डच्या नावात तिचंच नाव असतं) दहाव्या जनरेशनपर्यंतच, अकरावीला सपोर्टच नाही. परत गेले, बी५६० घेतला, वरचे पैसे भरले, घरी आणला, पहिल्या झटक्यात चालू. इंटेलने हे आधीही केलेलं आहे, एलजीए ११५१ नावाने सहावी-सातवी आणि आठवी-नववी अशा दोन वेगळ्या जोड्या आल्या, पिना तेवढ्याच, पण एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डवर चालत नाही. जुना बोर्ड सेकंडहँड घेणारे इथेच फसतात.

म्हणून "लग जाएगा" वर जाऊ नका, भिया. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर सपोर्ट म्हणून एक भाग असतो, त्यात सीपीयूची यादी असते, आपला प्रोसेसर त्यात शोधायचा आणि त्याच ओळीत बायोसचं (पीसी सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) कुठलं व्हर्जन लागतं ते पण लिहिलेलं असतं, ते वहीत लिहून घ्यायचं. हा बायोसचा मुद्दा लोक सोडूनच देतात. बोर्ड दुकानात वर्षभर पडलेला असेल तर त्यातला बायोस जुना, आणि प्रोसेसर त्यानंतर आलेला, मग जोडी कागदावर बरोबर असूनही चालू होत नाही. उदाहरणार्थ बी६५० वर रायझन ९००० चालतो, पण बायोस अपडेट केल्यावर. बी४५० वर ५६०० चं पण तेच. बऱ्याच बोर्डवर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्याने प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी मी असाच बोर्ड घेईन. नाहीतर बिल बनायच्या आधी दुकानदारालाच सांगायचं की अपडेट करून द्या, बिल झाल्यावर त्याला वेळ नसतो. बोर्डच्या नावापुढे रेव्हिजन असेल तर तीही बघा, एकाच नावाच्या दोन रेव्हिजनची पानं वेगळी असतात.

प्रोसेसरच्या नावातली शेवटची अक्षरं पण वाचायची. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल तर आत डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नाही, वेगळं ग्राफिक कार्ड लागणारच. एएमडीच्या एएम४ मध्ये उलटा हिशोब, ५६०० मध्ये डिस्प्ले नाही आणि ५६००जी मध्ये आहे. एएम५ मध्ये ७६०० ला छोटासा डिस्प्ले आहे, ७५००एफ ला नाही. मी तरी डिस्प्लेवालाच घ्या म्हणेन, उद्या कार्ड वॉरंटीत गेलं तर निदान पीसी चालू राहतो, मला लग्नसराईत पंधरा दिवस कार्डाशिवाय काढावे लागलेत. सेकंडहँड तेराव्या-चौदाव्या जनरेशनचा आय७ किंवा आय९ मिळत असेल तर जरा सांभाळून, त्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे खराब व्हायचा प्रॉब्लेम होता, इंटेलने २०२४ मध्ये बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने नीट होत नाही.

रॅम घेताना एकच मोठी काडी न घेता दोन घ्या, एकाच पाकिटातल्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या. एएम५ वर चारही स्लॉट भरायच्या भानगडीत पडू नका, चार काड्या लावल्या की ७००० सीरीजमध्ये एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, म्हणजे ६००० ची रॅम घेऊन काय उपयोग. आत्ता १६ आणि पुढे अजून १६ असं मनात असेल तर आत्ताच ३२ ची जोडी घ्या. हो, माहितीये, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की सराफ्यात सोन्याचा भाव विचारल्यासारखं वाटतं, तरीपण.

एसएमपीएसबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. भाच्याचा हिशोब चुकीचा नव्हता, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, ४०६० चे ११५, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. मग ४५० पुरे की! पुरेल, जर तो खरंच ४५० चा असेल तर. स्टिकर वाचायचं, त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात, त्याला १२ ने गुणायचं. ३७ अँपिअर म्हणजे ४४४ वॅट, बरोबर. आणि २० अँपिअर लिहिलं असेल तर २४० वॅट, वर पेटीवर भले ४५० छापलेलं असो, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ४०६० साठी एनव्हिडियाच ५५० सांगते, आम्ही ५५० चा ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवतो याचं सर्टिफिकेट असलेला) घेतला. कार्डाला ८ पिनची पीसीआयई वायर लागते आणि प्रोसेसरला वेगळी ८ पिन, दोन्ही दिसायला बहिणी पण वेगळ्या, ४+४ असेल ती प्रोसेसरची आणि ६+२ ती कार्डाची. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, बसतात, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क जळते. यूपीएस असेल तर तोही बघा, ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, गेम चालू असताना लाइट गेली तर मॉनिटर धरून तो कुंथतो.

आता कॅबिनेट. इथे मी आईच्या शिवणकामाच्या डब्यातली टेप काढली, खरंच. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. फसतात ते उंचीत. भाच्याचा कूलर १५५ मिमी उंच आणि कॅबिनेटच्या पानावर लिहिलेलं १४८. त्याला म्हटलं सात मिमी म्हणजे किती बघ, टेपवर बोट ठेवून दाखवलं, तर म्हणतो एवढंसंच तर आहे. एवढंसंच, पण काच लागणार नाही आणि काच उघडी ठेवली तर आपल्याकडे मे महिन्यात जी धूळ येते ती सगळी पंख्यात. तसंही ७६०० सोबत कूलर पेटीतच येतो, उन्हाळ्यात थोडा ओरडतो पण चालतो, पुढे वाटलं तर बदलू. कार्डाची लांबी पण अशीच मापायची, आणि पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर साधारण २७ मिमी तो आणि २५ मिमी त्याचे पंखे, म्हणजे ५२ मिमी कॅबिनेटच्या लांबीतून वजा. समोर टाइप सी पोर्ट असलेलं कॅबिनेट घेतलं तर बोर्डवर त्याचं कनेक्टर आहे का बघा, स्वस्त बोर्डवर बरेचदा नसतं, मग ते भोक नुसतं शोभेचं.

एसएसडीचं, म्हणजे फाइली साठवायच्या वेगवान डिस्कचं, थोडक्यात सांगते. २२८० लिहिलेलं म्हणजे २२ मिमी रुंद ८० मिमी लांब, ती बहुतेक बोर्डवर बसते. पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एम.२ एसएसडी (छोट्या पट्टीसारखी) साटावाली, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची, असू शकते आणि नव्या बोर्डचा स्लॉट फक्त एनव्हीएमईवाला, म्हणजे नव्या, वेगवान जोडणीचा, दिसायला सेम. दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा साटा. काही बोर्डवर दुसरी एम.२ लावली की एखाददोन साटा पोर्ट बंद पडतात, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मी न वाचता हार्ड डिस्क मेली म्हणून रडले होते.

शेवटी शनिवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन गेलो, लिस्ट बदललेली, हातात प्रिंट. प्रत्येक पेटीवरचा मॉडेल नंबर लिस्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घेतला, सिरियल नंबर बिलावर लिहून घेतले, तासभर गेला, दुकानदार वैतागला, चालतंय. घरी आल्यावर थेट कॅबिनेटमध्ये काही बसवायचं नाही, बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायचा, प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडायचं, मॉनिटरची वायर बोर्डच्या पोर्टमध्ये, आणि बोर्डवर पॉवर बटणासाठी असलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं. टेकवलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. भाचा रडकुंडीला आला, मावशी तुझ्या एच४१० सारखं झालं. म्हटलं हात लावू नकोस, एएम५ पहिल्यांदा चालू होताना रॅमशी ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी आत जाऊन चहा टाकला, दूध उतू जायच्या बेतात होतं आणि बाहेरून ओरडला, आलं! बायोसमध्ये रॅम ४८०० दाखवत होती, एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं, सेव्ह करून रीस्टार्ट केलं, मग ६०००.