पळताना पहिली दहा मिनिटं: ठोके कसे वाचावेत, वेग कसा ठरवावा

पळायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मनगटी घड्याळावर दिसणारे हृदयाचे ठोके बघून वेग ठरवू नका. आकडा तेव्हा खरा असला तरी मागे असतो, आणि बऱ्याचदा खराही नसतो.

पाय हलले की सेकंदाभरात ठोके वाढू लागतात, कारण विश्रांतीत हृदयाला आवरून धरणारी व्हेगस नस पकड ढिली करते. साधारण शंभरापर्यंतची वाढ मुख्यतः यातूनच होते. त्यापुढचं काम शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या सिम्पथेटिक नसांचं आणि अ‍ॅड्रेनलिनचं, आणि ते सावकाश चालतं. हलक्या वेगात ठोके स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. जोरात पळालात तर ते स्थिरावतच नाहीत, चढत राहतात. दरम्यान स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही आणि ती तूट ते स्वतःच्या साठ्यातून भागवतात. सुरुवातीलाच वेग घेतला तर ही तूट मोठी होते. पहिल्याच किलोमीटरला धाप लागते ती यामुळे.

आधी आपला ठोक्यांचा पट्टा, म्हणजे किती ते किती ठोक्यांत पळायचं, ते ठरवून ठेवा. सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. कमाल ठोक्यांसाठी २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र वापरा. वय ४५ असेल तर १७६ येतात. विश्रांतीचे ठोके ६० असतील तर फरक ११६; त्याचे ६० ते ७० टक्के ६० मध्ये मिळवले की १३० ते १४१ हा आरामात पळायचा पट्टा मिळतो. सूत्र सरासरीचं आहे. प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतकं घट्ट बांधा. छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा असेल तर त्याचे इलेक्ट्रोड (कातडीला टेकणारे, ठोके टिपणारे भाग) पाण्याने ओले करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोरड्या कातडीवर संपर्क नीट होत नाही, त्यात ढगळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट फडफडला की स्थिर विजेमुळे आकडा उगाच १९०-२०० दाखवतो आणि घाम आला की आपोआप ताळ्यावर येतो. मनगटावरच्या सेन्सरची अडचण वेगळी: डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे त्याला नाडी नीट सापडत नाही. मग तो हाताच्या झोक्यालाच ठोका समजतो. आकडा १६५-१७५ च्या आसपास अडकलाय आणि तुम्ही तर निवांत गप्पा मारताय? मिनिटभर पावलं मोजा. दोन्ही आकडे जुळले तर घड्याळ पावलं मोजतंय. थांबून घड्याळ सरकवा, बाही खाली ओढा.

खात्री करायची तर थांबल्या थांबल्या मनगटावर दोन बोटं ठेवून दहा सेकंद नाडी मोजा आणि सहाने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसलात तर तेवढ्यात ठोके उतरलेले असतात.

आता पळणं. पाच मिनिटं झपझप चाला, मग पाच मिनिटं इतकं हळू पळा की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल. या काळात ठोके ठरवलेल्या पट्ट्याच्या खाली दिसले तर वेग वाढवू नका. ते मागून येतातच. दहा मिनिटांनंतर घड्याळाकडे बघा आणि त्यावरून वेग जुळवा. पुढे तासाभरात, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, वेग तोच राहूनही ठोके हळूहळू वर सरकतात. तेव्हा पट्टा पाळायचा तर वेग कमी करावा लागतो.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधं (ती ठोके वाढू देत नाहीत) चालू असतील तर वरचं गणित लागू होत नाही. अशांनी डॉक्टरांकडून मर्यादा ठरवून घ्यावी आणि श्वासावर भरवसा ठेवावा. हाताने मोजलेली नाडीही अनियमित लागली, छातीत दाब जाणवला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पळणं तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्या.

शर्यतीत स्टार्ट लाइनवर नुसतं उभं असतानाच ठोके वाढलेले असतात. ते उत्साहाचे, ते मोजू नका. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये शहर सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. गर्दीसोबत सपाटीवर वेगात सुटलेल्यांचे ठोके चढ सुरू होण्याआधीच वर पोचलेले असतात. तिथे वॉर्मअप स्टार्टच्या आधी, पंधरा मिनिटं अगोदर उरकावा, आणि चढावर दम लागला तर सरळ चालावं.