शिक्षकांनी उन्हाळी सुट्टी कशी आखावी

१ मे रोजी झेंडावंदन झाले, प्रगतिपुस्तके वाटून झाली आणि मुले आरडाओरडा करीत घरी पळाली, की गावातले कोणीतरी हमखास म्हणते, "गुरुजी, आता काय, दीड महिना आराम!" या दीड महिन्याचा हिशेब शिक्षकाने त्याच दिवशी संध्याकाळी कॅलेंडर समोर घेऊन करावा. विदर्भ सोडल्यास राज्यातील शाळा साधारणपणे १५ जूनला उघडतात, म्हणजे २ मे ते १४ जून असे ४४ दिवस हाती येतात. त्यातून यू-डायस प्लस या शाळांची माहिती भरण्याच्या सरकारी संकेतस्थळावरची उरलेली माहिती, निकालपत्रके, एखादे प्रशिक्षण, दाखलपात्र म्हणजे शाळेत घालण्याच्या वयाच्या मुलांच्या घरभेटी आणि नात्यातली दोन-तीन लग्ने वजा केली, की माझ्या अनुभवाने बावीस-तेवीस दिवसांहून अधिक काही उरत नाही. हे दिवस सुटे सुटे न ठेवता सलग राहतील असे पाहणे, एवढेच सुट्टी आखण्याचे खरे कौशल्य आहे. त्यासाठी कागदपत्रांची सगळी कामे पहिल्या आठवड्यात उरकावीत, शाळेची कामे जूनच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत ठेवावीत आणि मधल्या काळाला हात लावू देऊ नये.

पहिल्या आठवड्यात सर्वाधिक लक्ष द्यायचे ते शाळा नीट बंद करण्याकडे. हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून अंगलट येते. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील एका दोन शिक्षकी शाळेत असताना आम्ही जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची कायमची नोंदवही, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावले आणि गावी गेलो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळिवाच्या पावसाबरोबर आलेल्या वाऱ्याने दोन कौले सरकली आणि नेमके त्या कपाटावर पाणी गळत राहिले. जूनमध्ये उघडून पाहतो तर निळ्या शाईची नावे एकमेकांत मिसळलेली, चार-पाच पाने एकमेकांना चिकटलेली. त्याच आठवड्यात मुंबईला माथाडी काम करणारा एक माजी विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला आणि त्याचे पान त्या चिकटलेल्या पानांतच होते. तेव्हापासून मी जनरल रजिस्टर, हजेऱ्या आणि सेवापुस्तकाच्या प्रती जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवतो, पेटी भिंतीपासून वीतभर दूर विटांवर चढवतो आणि सुट्टी लागण्यापूर्वी रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढतो. पोषण आहाराची तांदळाची पोतीही अशीच लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकवता रचावीत आणि शिल्लक साठा नोंदवहीत लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्यावी. किल्ली कोणाकडे दिली हेही लेखी असावे.

पावसाळ्यात लावलेली झाडे सुट्टीत मरतात, ही आपल्याकडच्या बहुतेक शाळांची जुनी रड आहे. माण-खटावच्या उन्हात रोज पाणी घालायला कोण येणार? रोपापासून हातभर अंतरावर पाच लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती कापडाची वात ओवावी आणि मडक्यावर झाकण ठेवावे. आळ्यात उसाचे पाचट चांगले चार बोटे जाड अंथरावे. मग पाचव्या-सहाव्या दिवशी मडके भरले तरी चालते आणि हे काम शेजारच्या घरातला सातवीतला मुलगाही आनंदाने करतो.

आता वरिष्ठांच्या आदेशांविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना घेता येते. जनगणना २०२७ च्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ आणि त्यात प्रत्येक राज्याला ३० दिवस असे ठरलेले असल्याने, प्रगणक म्हणून नेमणूक झालेल्यांनी आपला हिशेब त्या तारखा पाहूनच करावा. कोणत्याही कामासाठी सुट्टीत बोलावणे आले तर फोनवरच्या निरोपावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन ओळींवर न थांबता लेखी आदेश मागून घ्यावा आणि काम संपल्यावर उपस्थितीचे प्रमाणपत्र घ्यावे. सुट्टीत काम केल्याबद्दल मिळणाऱ्या अर्जित रजेची नोंद सेवापुस्तकात व्हायची तर हे दोन्ही कागद लागतात. मागून घेण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने अनेकांच्या सुट्टीचे स्वरूप बदलले आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा अधिक उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. वीस वर्षे शिकवल्यावर पुन्हा परीक्षेला बसण्याचा राग मी समजू शकतो, पण रागात मे महिना घालवू नये. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पहिल्या पेपरमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी ३० असे १५० प्रश्न असतात आणि खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. शिष्यवृत्तीची मुले तयार करणाऱ्या शिक्षकाला गणित जड जात नाही. अडते ते बालमानसशास्त्र आणि इंग्रजीपाशी, म्हणून पहाटे सहा ते आठ हे दोन तास या दोनच विषयांना द्यावेत. परिसर अभ्यासासाठी ई-बालभारतीवर विनामूल्य मिळणारी आपलीच पाठ्यपुस्तके पुन्हा वाचावीत. आठनंतर मात्र पुस्तक मिटावे.

मधल्या दिवसांत फिरायचे असेल तर लांब जाण्याची गरज नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या दरम्यान असलेले भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे घराघरांत बसून वाचता येते. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव ३ जानेवारीला गर्दीने फुलते, मे महिन्यात ते शांतपणे पाहता येते. औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय मुलांना घेऊन पाहावे. कासच्या पठारावर मात्र मेमध्ये फुले शोधायला जाऊ नये. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, हे दरवर्षी कोणत्या तरी पाहुण्याला सांगावे लागते.

गावाच्या यात्रेला मात्र जरूर जावे, मग ती सुट्टीच्या मधोमध आली तरी. जावळी आणि पाटणकडची मुंबईस्थित कुटुंबे याच दिवसांत गावी येतात. पालखीच्या मागे चालताना ज्या पालकाशी बोलणे होते, त्याच्याकडे जूनमध्ये पटनोंदणीसाठी जाणे सोपे होते. शाळेला पंखा किंवा पाण्याची टाकी हवी असेल तर तेही तेथेच, पण पावतीपुस्तक जवळ ठेवूनच बोलावे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये होणाऱ्या शाळा पूर्वतयारी मेळाव्यात आलेल्या मातांना भेटून मुलाने कृतिपत्रिका किती सोडवल्या हे विचारले, तर जूनचा दुसरा मेळावा ओस पडत नाही.

शाळा उघडण्यापूर्वी पाच दिवस आधी एक चक्कर मारावी. दोन माणसे सोबत घ्यावीत, कौले चाळून घ्यावीत, टाकीतले जुने पाणी सोडून देऊन ती घासून घ्यावी आणि दारे-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात. कपाटाच्या मागे विंचू निघतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहावे.