विंडोज अपडेट पुन्हा पुन्हा फसतंय? ‘रिट्राय’ दाबण्याआधीची तयारी

अपडेट डाउनलोड होतं, मशीन रीस्टार्ट होतं, ‘अनडूइंग चेंजेस’ दिसतं आणि सगळं पुन्हा होतं तिथेच. अशा वेळी ‘रिट्राय’ दाबत बसू नका. काल ज्या कारणाने अडलं, ते आजही तिथेच आहे.

आधी कागद घ्या. सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्ट्रीत फसलेल्या अपडेटचा केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला नंबर) आणि एरर कोड असतो. दोन्ही उतरवून ठेवा, कारण पुढची एक पायरी ही हिस्ट्रीच पुसून टाकते. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ०एक्स८००७३७१२ म्हणजे विंडोजचा कंपोनंट स्टोअर, म्हणजे सिस्टिम फाइलींच्या चांगल्या प्रतींचा साठा, बिघडलाय.

मग बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून किंवा छापून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली की ऐनवेळी काही कामाची नाही. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो.

सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळे हवेत. स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्स काढताना त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, तिथे टिकमार्क नको.

आता खरी डोकेदुखी. जागा भरपूर असूनही अपडेट अडतं, तेव्हा रिकव्हरी पार्टिशन तपासा, म्हणजे विंडोज दुरुस्तीची साधनं ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ असंच असंख्य मशीनवर फसलं. कोड यायचा ०एक्स८००७०६४३, ज्यातून काहीच उलगडत नाही. कारण एवढंच, की रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि तेवढी नव्हती. सी ड्राइव्ह अर्धा रिकामा असला तरी उपयोग नाही, ते पार्टिशन वेगळं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ला ‘इन्फो’ जोडून (reagentc /info) चालवलं की रिकव्हरी चालू आहे का आणि कितव्या पार्टिशनवर आहे, ते कळतं. वाढवायचं तर आधी रिकव्हरी डिसेबल करायची, डिस्कपार्ट या पार्टिशन बदलणाऱ्या टूलने सी २५० एमबीने आक्रसायचा, जुनं रिकव्हरी पार्टिशन काढून नवं करायचं आणि मग पुन्हा एनेबल. डिस्कपार्ट ‘नक्की का?’ असं विचारत नाही. पार्टिशनचा क्रमांक चुकला तर डेटा गेलाच, म्हणून बॅकअप आधी.

फाइलींची दुरुस्ती करताना क्रम पाळा: पहिल्यांदा कंपोनंट स्टोअर दुरुस्त करणारं डीआयएसएमचं ‘रिस्टोअरहेल्थ’, नंतर सिस्टिम फाइली तपासून बदलणारं ‘एसएफसी स्कॅननाऊ’; दोन्ही अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्येच. एसएफसी चांगल्या प्रती कंपोनंट स्टोअरमधूनच उचलतं. स्टोअरच नासका असेल तर ते काय देणार? डीआयएसएम ६२.३ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं, तेव्हा खिडकी बंद करू नका. त्याला इंटरनेट लागतं.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, म्हणजे विंडोज उतरवलेली अपडेट्स ठेवतं त्या फोल्डरचं नाव बदलणं हा रामबाण म्हणून सांगितला जातो. तसा तो नाही. डाउनलोड अर्धवट किंवा खराब झालं असेल तरच त्याने फरक पडतो. विंडोज अपडेट आणि बिट्स (मागे डाउनलोड करत राहणारी) या सर्व्हिस आधी थांबवा, नाहीतर नाव बदलूच देत नाही. हिस्ट्री जाते ती इथेच.

अपडेट सुरू करण्यापूर्वी तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे बघा. चुकली असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. व्हीपीएन बंद, बाहेरचा अँटीव्हायरस तात्पुरता अनइन्स्टॉल, पेनड्राइव्ह-प्रिंटर काढलेले, चार्जर लावलेला. वाय-फाय ‘मीटर्ड’ (डेटा मर्यादित आहे असं सांगणारं सेटिंग) केलेलं असेल तर तेही बदला.

एवढं करूनही फसलं, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉलेशन फाइल) उतरवून विंडोज चालू असतानाच त्यातलं सेटअप चालवा. ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका पडलेला दिसला तर आयएसओची भाषा किंवा एडिशन जुळत नाहीये. तिथूनच मागे फिरा आणि योग्य आयएसओ आणा.