पहिला सिलिंडर किती लिटरचा?

कोल्हापुरातून तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकायला जाणाऱ्यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर विकत घेण्याची घाई करू नये. तिथे तो भाड्याने मिळतोच. पण कुठला मागायचा, हे ठाऊक हवं.

सर्वाधिक चालतो तो ११.१ लिटरचा (हे आतल्या पोकळीचं माप; हवा त्यात दाबून भरतात) अ‍ॅल्युमिनियमचा. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा ओढतो. १२ मीटर खोलीवर दाब २.२ बार (पृष्ठभागावर साधारण १ बार), म्हणजे मिनिटाला खर्च ४४ लिटर. २०० बार भरलेल्या सिलिंडरमधले ५० बार राखीव ठेवले की १५० गुणिले ११.१, म्हणजे १,६६५ लिटर हाती उरतात. सुमारे ३८ मिनिटं. १० लिटरच्यात ३४, १५ लिटरच्यात ५१. धापा टाकणाऱ्या धिप्पाड गड्याला १५ चा बरा. पण त्याचं ओझं पाठीवर घेऊन होडीत चढणं सोपं नसतं. लहान चणीच्या माणसाला १० पुष्कळ.

नवखे फसतात ते वजनपट्ट्यात, म्हणजे पाण्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांच्या पट्ट्यात. भरलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर किंचित बुडतो, पण डाइव्हच्या शेवटी दोनेक किलो हवा संपलेली असते आणि तो तरंगायला लागतो. मग वर येताना सुरक्षिततेसाठी घ्यायचा ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा जमत नाही, माणूस सुटून वर येतो. म्हणून वजन तपासायचं ते ५० बार उरलेले असताना. स्टीलचा सिलिंडर घेतला तर पट्ट्यातलं वजन कमी करा.

आणि हो, डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका; उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचा त्रास होऊ शकतो. मुक्काम करा, सकाळी निघा.