हातपाय गार पडल्यात: आयसीयूत नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून पेशंट बेळगावला आणला की नातेवाईक दारातच सांगतात, "हातपाय गार पडल्यात." कन्नडमधून तेच, "कैकालु तण्णग आग्यावरी." हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या आणि कधीपासून तेही विचारा. रक्ताभिसरण बिघडलं की शरीर कातडीचा पुरवठा आखडतं आणि मेंदू-हृदयाकडचं रक्त राखतं. त्यामुळे मॉनिटरवर बीपी बराच वेळ ठीक दिसतं. नवे लोक तिथंच फसतात.

बोटाचं पेर पांढरं पडेपर्यंत दाबा, 10 सेकंद धरा, सोडा आणि रंग परतेपर्यंत मोजा. 3 सेकंदांच्या वर गेलं तर काळजीचं. नख दाबू नका, नेलपॉलिश आड येते. एसीनंही हात गार पडतात, म्हणून चादर सारून गुडघे बघा. गुडघ्याभोवती जाळीदार निळसर डाग असतील तर सीनियरला लगेच बोलवा. सावळ्या कातडीवर हे डाग सहज दिसत नाहीत, टॉर्च धरा.

बीपीचे दोन्ही आकडे वाचा. 100/80 आणि हात गार, म्हणजे हृदय दर ठोक्याला रक्त कमी ढकलतंय. 90/35 आणि हात गरम, म्हणजे बहुधा सेप्सिसनं (जंतुसंसर्गामुळं शरीरभर झालेला बिघाड) रक्तवाहिन्या सैल पडल्यात. सरासरी दाब 65 च्या आसपास ठेवायचा असतो. खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा, भागिले तीन. 90/50 ला तो 63 येतो. आर्टरी लाइन (बीपी सतत मोजायला धमनीत घातलेली नळी) असेल तर तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, चौथ्या फासळीखाली, काखेच्या मध्यरेषेवर हवा. तो 10 सेंमी खाली राहिला तर बीपी साडेसात मिमीनं जास्त दिसतं. स्टँड वेगळा असेल तर पलंग वरखाली केल्यावर दर वेळी पातळी तपासा.

सेप्सिसमध्ये पहिल्या 3 तासांत किलोमागे 30 मिली सलाईन सांगतात, म्हणजे 60 किलोला 1800 मिली. पण हृदयही कमजोर असेल तर 250-250 मिलीनं द्या आणि प्रत्येक वेळी छाती ऐका. सेप्सिसनं हृदय दुबळं होतं, आणि पेशंट तगला तर साधारण आठवडा-दहा दिवसांत बहुतेकदा सावरतं. वाहिन्या सैल असताना हृदयाला जोर कमी लागतो, म्हणून पहिली इको (हृदयाची सोनोग्राफी) बरी दिसू शकते. नॉरअॅड्रिनलिननं (वाहिन्या आवळणारं औषध) दाब वाढला की खरा दुबळेपणा उघडा पडतो. इको पुन्हा करायला सांगायला संकोचू नका.

नॉरअॅड्रिनलिन भरताना अँप्यूलवरचं लेबल पूर्ण वाचा. आपल्याकडे त्यावर बहुधा बायटार्ट्रेटचं, म्हणजे औषधाच्या क्षाराचं, वजन असतं आणि मूळ औषध त्याच्या निम्मं. हिशेब चुकला की डोस अर्धा जातो. मूळ औषध 4 मिग्रॅ, 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये एकूण 50 मिली केलं, तर मिलीत 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम हवं, तर पंप ताशी 4.5 मिलीवर. सेंट्रल लाइन (मान किंवा छातीतल्या मोठ्या शिरेतली नळी) पडेपर्यंत थांबू नका. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालतं, मात्र सुईभोवती कातडी पांढरी पडतेय का ते सारखं बघा.

सिरिंज बदलताना बीपी कोसळतं, कारण नव्या सिरिंजचा दट्ट्या पंपाला घट्ट टेकेपर्यंत औषध पुढं सरकत नाही. 5 मिली उरली असतानाच दुसरी भरा, पंपावर चढवा, टोकातून थेंब पडू द्या, मगच जोडा. त्याच ल्यूमेनमधून (नळीतल्या त्याच वाटेतून) अँटिबायोटिक ढकलू नका. नळीत साचलेलं नॉरअॅड एकदम आत जातं आणि बीपी 200 वर उडतं.

लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली हवी. कमी दिसली तर आधी कॅथेटरची नळी दुमडलीय का बघा. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की वाढतं) 2 च्या वर असेल तर दोनेक तासांनी पुन्हा करा. पिकावरचं औषध प्यायलेला पेशंट असेल, नाडी मंद आणि बाहुल्या टाचणीएवढ्या, तर तिथं काम अॅट्रोपिनचं, तेही भरपूर.

ड्यूटी सोपवताना बीपीसोबत पंपाचा आकडा सांगा. संध्याकाळी नॉरअॅडच्या 0.1 डोसवर सरासरी दाब 70 आणि पहाटे 0.4 वर 70, तर पेशंट रात्रभर खालावलाय.